ठिपके अजून आहेत

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही माझी नाही, नवऱ्याच्या खांद्याची आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की रोज हात किती वर जातो ते लिहून ठेवा. नवरा लगेच म्हणाला, "लिहायचं काम हिचं." खरंच आहे. सव्वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. आमच्या कारखान्यात पाण्याच्या पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा होतात, आणि मी तपासणी विभागात बसून त्यांची मापं लिहिते. पास किंवा नापास. पाठीमागे मला सगळे 'नापासबाई' म्हणतात. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

८ डिसेंबरला तो सायकलवरून पडला. टेकडीवरून उतरताना, टाकीजवळच्या वळणावर. रस्त्यावर टँकरचं पाणी सांडलेलं होतं, पुढचं चाक सरकलं आणि कॉलरबोन मोडलं. आता हाड जुळलं आहे, पण खांदा धरला आहे.

आजचा आकडा ऐंशी अंश. म्हणजे हात खांद्याच्या उंचीलाही पोचत नाही.

सायकल पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी आहे. मी तिच्यावर जुनी चादर टाकली आहे. धुळीसाठी.

५ फेब्रुवारी, बुधवार

पंच्याऐंशी.

जेवताना तो म्हणाला, "टायर बदलायला हवेत."

"कशाला? ठिपके अजून आहेत."

ह्या टायरवर मोहरीएवढे दोन बारीक खळगे असतात, त्यांना आम्ही ठिपके म्हणतो. रबर झिजत गेलं की ते उथळ होतात आणि शेवटी दिसेनासे होतात. दिसेनासे झाले की टायर संपला. कंपनीनेच केलेली सोय आहे. त्याच्या पुढच्या टायरवरचे ठिपके अजून चांगले खोल आहेत. मी पडल्यानंतरही पाहिले होते.

"बरं," तो म्हणाला. मग दोन घास खाऊन म्हणाला, "तरी बदलू या. तूच बघ कुठले ते. रबराचं खातं तुझं."

डॉक्टरांकडे ३ मार्चला जायचं आहे. ते हो म्हणाले तर १६ मार्चला त्याची रविवारची सायकलवाली मंडळी टेकडीवर जाणार आहेत, तेव्हा ह्यालाही जायचं आहे. सत्तावन्न वर्षांचा आहे. मी म्हटलं, बघते.

९ फेब्रुवारी, रविवार

ब्याण्णव. व्यायामाच्या वेळी तोंडातून आवाज येतो, पण विचारलं की 'काही नाही'.

सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार पूर्वी शर्यतीत उतरायचा. आता एक गुडघा वाकत नाही म्हणून उंच स्टुलावर बसूनच सगळं करतो. नवरा वीस वर्षं त्याच्याकडे जातो, त्यामुळे मी 'वहिनी'. आधी खांद्याची चौकशी केली, मग टेबलावर टायर मांडले.

मला वाटलं होतं टायर म्हणजे टायर. तसं नाही. रेसिंग सायकलचा टायर बोटभर रुंदीचा, पण त्या बोटातही तेवीस, पंचवीस आणि अठ्ठावीस मिलिमीटर. शिवाय कडक आणि मऊ. मी विचारलं, ह्यातला चांगला कुठला?

"वहिनी, कडक टायर खूप चालतो. मऊ टायर रस्ता धरतो. दोन्ही एकात देतो म्हणणारा थापा मारतो."

मग एक काळा, हाताला लोण्यासारखा लागणारा टायर पुढे केला. "हा साहेबांचा आवडता."

"त्याने कधी घेतला?"

"घेतला कुठे? येतात, दाबून बघतात, ठेवून देतात."

ह्यात नवल नाही. तो चपलाही अशाच बघतो. मी सगळ्यांची नावं, वजनं, रुंद्या टिपून घेतल्या. चौदा प्रश्न विचारले, अकरांची उत्तरं मिळाली. घेतला नाही, कारण सायकलच्या सांगाड्यात किती रुंदीचा टायर मावेल ते मोजलेलं नव्हतं. न मोजता आणायचा आणि मग परत करत बसायचं, हे मला जमत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शंभर.

कारखान्यातून व्हर्निअर आणला आणि चादर वर करून आताचा तेवीसचा टायर आणि सांगाडा ह्यांमधली फट मोजली. दोन्ही बाजूंना चार पूर्णांक दोन मिलिमीटर. म्हणजे अठ्ठावीस बाद, पंचवीस बसेल. चादर परत टाकली.

दुकानात जायला वेळ झाला नाही. कपाट आवरायचं होतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एकशे अठरा. बाई खूश आहेत.

पुन्हा दुकान. पंचवीसचा कडक घ्यायचा असं ठरवून गेले होते. हाच टायर सहा वर्षांपूर्वी मी त्याच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाला आणला होता, फक्त तेवीसचा. दहा हजार किलोमीटरची हमी होती. मला अशा वस्तू आवडतात. आमची इस्त्री लग्नातली आहे.

पण टायरच्या कडेला बारीक अक्षरांत बनवल्याची तारीख असते, ती वाचली तर चौदा महिने जुनी. मी म्हटलं, ताजा माल आला की सांगा.

दुकानदार हसला. "वहिनी, तुम्ही टायर घ्यायला येता की नापास करायला?"

हे नाव इथपर्यंत कसं पोचलं कोण जाणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते आणि तिकडून आमचं घर चालवते.

"घेतले का टायर?"

मी तिला तारखेचं सांगितलं, फटीचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांनी सायकल चालवायला नको आहे तुला. तसं सरळ सांग ना."

"मी असं कुठे म्हटलं?"

"दोन टायरला दोन आठवडे? फ्रिज तू एका फोनवर घेतलास."

मी म्हटलं, फ्रिज उतारावरून जात नाही. ह्यावर ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी," आणि हसली. मला ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. एखादी गोष्ट नीट बघून घ्यावी, ह्यात 'नको' कुठून आलं?

एकशे बावीस.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज कारखान्यात वाद झाला. गोदामात सहा वर्षांपूर्वीच्या रिंगांची पेटी सापडली. गोदामवाल्याला ती पंपांना लावून मोकळं व्हायचं होतं. रिंगा दिसायला सुरेख होत्या, एक ओरखडा नाही. मी हार्डनेस मीटर लावला आणि पेटी नापास केली.

"मॅडम, वापरलेल्याच नाहीत," तो म्हणाला. "झीज शून्य आहे. मग वाईट कशा?"

मी त्याला समजावलं. रबर झिजूनच संपतं असं नाही. नुसतं पडून राहिलं तरी वाळतं, कडक होतं. वरून बघून काही कळत नाही, मापं तीच राहतात. पण दाबलं की दबत नाही, आणि दबलं नाही की धरत नाही. हे मी दरवर्षी नव्या लोकांना शिकवते, तोंडपाठ आहे.

त्याने कानाला हात लावला आणि पेटी घेऊन गेला. जेवायला बसले तेव्हा मनात कसलीशी पाल चुकचुकत राहिली. कसली ते कळेना. पोळीसुद्धा अर्धी टाकली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हार्डनेस मीटर फाटकावर नोंद करून घरी आणला. खिशात मावतो, तबकडी घड्याळाएवढी, खाली एक बोथट सुई. सुई रबरात रुतली की आकडा कमी, रुतली नाही की जास्त.

दुपारी तो झोपला होता. चादर काढली. पुढच्या टायरवर पाच ठिकाणी मापलं.

७९, ८०, ७९, ७८, ७९. सरासरी ७९.

हे यंत्र सपाट तुकड्यासाठी असतं, गोल टायरवर आकडा थोडा इकडेतिकडे होतो. म्हणून तशीच दुकानात गेले आणि त्याच कंपनीचा तसलाच नवा टायर चाकावर चढवून घेऊन मापला. सहासष्ट. मऊ टायर मापला. अठ्ठावन्न. दुकानदाराने एक बुटकं स्टूल पुढे सरकवलं, म्हणाला, बसा वहिनी.

ठिपके अजून आहेत. झीज निम्मीसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी तो मला म्हणाला होता, "टायर बदलू या का? पुढचा बरा वाटत नाही." मी पॅसेजमध्ये येऊन चष्मा लावून पाहिलं, त्याचा अंगठा धरून ठिपक्यांवर फिरवला आणि म्हटलं, अजून निम्मेसुद्धा झिजलेले नाहीत. तो म्हणाला, "बरं."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एकशे पन्नास. मधल्या दिवसांचे आकडे लिहायचे राहिले. लिहिण्याचं मन नव्हतं.

त्याला अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी 'घंटी' आला. हा त्याच्या रविवारच्या मंडळातला, रिकाम्या रस्त्यावरही घंटी वाजवत जातो म्हणून हे नाव. चहा पिता पिता नवऱ्याची थट्टा चालली होती. "वहिनी, ह्याला १६ तारखेला घेऊन जाणारच. चढावर हा सगळ्यांच्या पुढे असतो. उतारावर मात्र दोन वर्षं झाली, शेवटी. चिमण्यासुद्धा ह्याच्या पुढून जातात. आम्ही म्हणायचो, वय झालं रे तुझं."

नवरा हसला. "झालंच आहे."

मी कप उचलून आत गेले. बशी धुतली, मग तीच बशी पुन्हा धुतली.

१ मार्च, शनिवार

सांगितलं.

तो संत्रं सोलत होता. दुखऱ्या हातानेच सोलतो, व्यायाम म्हणून. मी समोर बसले आणि अहवाल द्यावा तसा दिला. टायर सहा वर्षांचा, आकडा एकोणऐंशी, नवा सहासष्ट.

"एकोणऐंशी म्हणजे कसं?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे सत्तरच्या वर माल परत जातो."

"म्हणजे नापास."

"हो."

त्याने एक फोड माझ्यापुढे ठेवली. "घसरायचा तो. ओल्यावर तर घसरायचाच, कोरड्यावरही वळताना हाताला लागायचं. दोन वर्षं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो. तू ठिपके दाखवलेस."

"पुन्हा बोलायचं."

त्याने पुढची फोड सोलली. घाई नाही, राग नाही. "तू सव्वीस वर्षं हेच करतेस," तो म्हणाला. "तू चांगलं आहे म्हटल्यावर रबर चांगलंच असणार. मला वाटलं, मीच घाबरायला लागलोय. म्हणून हळू उतरायचो."

मला लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. त्याच्या हाताला जे कळत होतं ते त्याने दोन वर्षं खोटं मानलं, कारण मी चष्मा लावून पाहिलं होतं. आणि पाहिलं ते चुकीच्या ठिकाणी. परक्याची पेटी मी एका मिनिटात नापास केली.

मला रडू आलं. त्याने संत्रं बाजूला ठेवलं, पण उठून आला नाही. मला रडताना कोणी जवळ आलेलं आवडत नाही, हे त्याला माहीत आहे.

मग मी म्हटलं, "तू सायकल चालवू नयेस असं मला वाटतं."

"ते कळलंय. चोवीस दिवस टायर बघतेयस."

"मग?"

"तू नको म्हणालीस तर नाही चालवणार."

"बरं म्हणशील?"

"बरं म्हणेन."

तो मनापासून म्हणत होता. म्हणूनच त्या 'बरं'ची मला भीती वाटली.

२ मार्च, रविवार

एकशे साठ.

नको म्हटलं तर तो सायकल विकेल, रविवारी पेपर वाचत बसेल आणि मला कधी बोलूनही दाखवणार नाही. सहा महिन्यांनी त्याला स्वतःलाच वाटायला लागेल की आपल्याला तसंही नकोच होतं.

त्याने पडू नये. माझं म्हणणं एवढंच आहे. ह्याला रुंदी नाही, वजन नाही, तारीख नाही. हे कुठल्या दुकानात जाऊन विचारणार होते मी?

३ मार्च, सोमवार

डॉक्टरांनी फोटो पाहिला, हात फिरवून पाहिला. "चालवा, पण जपून."

जपून म्हणजे किती, ते मी विचारलं नाही. नवरा माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "टायर शनिवारी आणू. तू चल."

८ मार्च, शनिवार

दोघं गेलो. हार्डनेस मीटर पर्समध्ये होता, परत करायचा राहून गेलाय. तो बाहेर काढला नाही. टायरांची नावं-वजनं लिहिलेला तक्ताही घरीच ठेवला.

"ह्या वेळी तू दाब," मी म्हटलं. "मी नुसती बघते."

त्याने पाच टायर हातात घेतले. अंगठ्याने दाबले, वाकवले, एक तर नाकाजवळ नेला. मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं की तो हे इतकं नीट करतो. आमच्या तपासणीत असा माणूस मी डोळे मिटून घेतला असता. शेवटी त्याने तोच लोण्यासारखा काळा टायर उचलला, पंचवीसचा. आणि सवयीने परत ठेवायला निघाला.

"ठेवू नकोस," मी म्हटलं.

दुकानदार आधी नवऱ्याकडे, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, आधीच सांगतो. हा टिकाऊ नाही. चार हजार किलोमीटरमध्ये संपेल."

"संपू दे. दोन द्या."

दुकानदार स्टुलावरून खाली उतरला. त्याला तसं उतरताना मी पहिल्यांदा पाहिलं. दोन्ही टायर त्याने स्वतः चढवले, आणि जुने समोर धरून विचारलं, "ह्यांचं काय करू?" मी पुढचा मागून घेतला. उद्या कारखान्यात नेणार आहे, शिकवायला. उद्या रविवार आहे. परवा नेईन.

१६ मार्च, रविवार

एकशे सत्तर. बाई म्हणाल्या, आता लिहिलं नाही तरी चालेल.

सव्वासहाला निघाला. जिन्यावरून सायकल मी धरली, त्याने धरू दिली. "सावकाश जा" असं म्हणायचं होतं. "हवा बघितलीस?" असं म्हटलं.

साडेआठला यायचा होता. साडेआठला आला नाही. मसाल्याचे डबे काढून फडताळ पुसलं. नऊला लेकीचा फोन आला. "आले का बाबा?" म्हणजे तीही घड्याळ बघत होती. फ्रिजवरून मला हसली होती ती. मी म्हटलं, येतीलच, तू तुझी कामं कर. मग दोघी फोन न ठेवता तशाच थांबलो. तिच्याकडे नळ चालू होता, तेवढं ऐकू येत होतं.

नऊ वीसला खाली घंटी वाजली, वाजतच राहिली. घंटी त्याला पोचवायला आला होता. माझ्या जिवात जीव आला. मी लेकीला म्हटलं, आले, आणि तिने फोन ठेवला.

तो घामाने भिजला होता. दोन ग्लास पाणी प्यायला. मी विचारलं, "टाकीजवळचं वळण?"

"पाणी होतं आजही."

"मग?"

"धरलं," तो म्हणाला. मग म्हणाला, "उतारावर पुढे होतो मी." आणि आंघोळीला गेला.

पॅसेजमधली चादर धुतली, वाळवली आणि घडी करून कपाटात ठेवली.

१६ नोव्हेंबर, रविवार

फडताळात ही वही सापडली. मागे बरीच पानं कोरी आहेत.

तो आता आठवड्यातून तीनदा जातो. मधल्या काळात एकदा पंक्चर झालं, एकदा घंटी स्वतःच झुडपात गेला, बाकी लिहिण्यासारखं काही नाही. जुना टायर माझ्या टेबलामागे खिळ्याला टांगला आहे. नव्या लोकांना आधी ठिपके दाखवते, मग मीटर हातात देते. कोणाचा होता ते सांगत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

आज आल्यावर त्याने सायकल भिंतीला टेकवली आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला.

"मागचा बदलू या का?"

मी चष्मा लावून गेले. ठिपके अजून आहेत. उथळ झालेत, पण दिसतात. कंपनीच्या हिशोबाने अजून पाच-सहाशे किलोमीटर सहज जातील.

"तुझ्या हाताला काय वाटतं?" मी विचारलं.

त्याने अंगठा टायरवर ठेवला, दाबला, थोडा पुढे नेऊन पुन्हा दाबला. वेळ घेतला. "नको वाटतो," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.